कोण ही बॉनी रेट? जाणून घ्या

आमच्या पोर्टलवर मनोरंजनाच्या डेस्कची सकाळची पाळी सहाला सुरू होते. ६ फेब्रुवारी २०२३ च्या सोमवारी मी चहाही न घेता बसले, कारण दोन कामं एकाच दिवशी आली होती: लतादीदींचा पहिला स्मृतिदिन आणि ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतले मोठे संगीत पुरस्कार. दीदींचं पान रात्रीच लावून ठेवलं होतं. आपल्याकडच्या संगीतकार रिकी केजला तिसरा ग्रॅमी मिळाल्याची बातमीही हाताशी होती, आणि मराठी वाचकापुरता ग्रॅमी तिथेच संपतो असं आमच्याकडे धरून चालतात. उरलेल्या मोठ्या पुरस्कारांसाठी बियॉन्से, अडेल, टेलर स्विफ्ट आणि हॅरी स्टाइल्स अशा चौघांच्या कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मजकूर, शनिवारीच लिहून झाल्या होत्या. निकाल ऐकायचा, त्या नावाची कॉपी उघडायची, साइटवर सोडायची.

सातच्या आसपास तुर्कस्तानच्या भूकंपाच्या पहिल्या ओळी यायला लागल्या. ७.८ हा आकडा दिसला तसे न्यूज एडिटर खुर्चीतून उठलेच. अर्ध्या तासात आमच्या डेस्कवरचे दोघे तिकडे गेले. ग्रॅमीला राहिलो मी आणि तीन आठवड्यांपूर्वी लागलेली एक ट्रेनी मुलगी. एका कानात लॉस एंजेलिसच्या टाळ्या आणि समोरच्या टीव्हीवर ढिगारे. अशा दिवशी आपण हे काय करत बसलोय, असं वाटायचं थांबत नाही. पण पाळी असते.

नऊ वाजायच्या सुमारास ‘साँग ऑफ द इयर’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार आला. अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी ‘बॉनी रेट’ हे नाव वाचलं आणि कॅमेरा एका लाल केसांच्या, कपाळावर पांढरी बट असलेल्या बाईवर गेला. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. वय ७३. शेजारचे उठून टाळ्या वाजवायला लागले तरी तिला उठायचं सुचेना.

‘‘ताई, हिची कॉपी नाहीये आपल्याकडे,’’ ट्रेनी म्हणाली. मी मान वर करेपर्यंत तिने हेडिंग टाकलंसुद्धा होतं: ‘अनोळखी गायिकेने बियॉन्सेला हरवलं’.

‘‘थांब. अनोळखी कुणाला?’’

‘‘मला तरी. आणि रेट म्हणजे भाव ना? लोक हसतील.’’

भाव तर भाव. बाईचा उच्चार तोच आहे.

मी अकरावीत असताना न्यू जर्सीच्या मामाने एक कॅसेट आणली होती, ‘निक ऑफ टाइम’. मराठीत सांगायचं तर ‘ऐन वेळी’. माझ्या घरी कान नाट्यसंगीतावर तयार झालेले. इंग्रजी गाणं म्हणजे ढोलांचा गोंगाट अशी समजूत. या कॅसेटमधली गिटार मात्र सुरावरून सुरावर उडी मारत नव्हती, सरपटत जात होती. मींड घ्यावी तशी. ती बाई मधल्या बोटात काचेची नळी अडकवून तारांवर फिरवते हे पुढे कळलं. याला स्लाइड म्हणतात. जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटार ऐकलेल्याला हा आवाज परका वाटत नाही. गाताना तिचा आवाज जिथे थांबतो तिथून गिटार वाक्य पुढे नेते, जणू दोघी बहिणी बोलतायत.

न्यूज एडिटर म्हणाले, ‘‘वीस मिनिटं, तीनशे शब्द. आणि आज होम पेजवर जागा मागू नकोस.’’ मागितलीही नसती.

आजच्या गाण्यावर चार ओळी पुरल्या. ‘जस्ट लाइक दॅट’ या गाण्यात मुलगा गमावलेल्या आईच्या दारात एक अनोळखी माणूस येतो; तिच्या मुलाचं हृदय त्याच्या छातीत आहे. ती तिथे कान लावते. गाणं तिने स्वतः लिहिलंय. पण वाचकाला ही बाई कोण हे सांगायचं तर १९८९ ला जाणं भाग होतं, आणि तिथे माझी बोटं सुटली.

वडील जॉन रेट हे ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीचे नामवंत गायक, आणि मुलगी रमली अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतात. १९७१ पासून वॉर्नर ब्रदर्सकडे तिचे अल्बम निघत होते. समीक्षक वाखाणायचे, खप बेताचा. १९८३ मध्ये कंपनीने तिला काढून टाकलं. पुढची वर्षं दारूची. १९८७ मध्ये तिने दारू सोडली. डॉन वॉझशी तिची गाठ पडली ती एका संकलनासाठी ‘डम्बो’ या जुन्या कार्टूनपटातली अंगाई करताना. वॉझ तोवर निर्माता म्हणून फार मोठा नव्हता. त्याचा बँड डायनासोरवरच्या नाचाच्या गाण्यासाठी ओळखला जायचा. या दोघांना कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने घेतलं. ‘निक ऑफ टाइम’ करताना थाटमाट करण्याऐवजी दोघांनी आधी नुसता तिचा आवाज आणि एखादं वाद्य एवढ्यावर गाणी करून पाहिली. तेवढ्यावर उभं राहतं ते गाणं ठेवायचं. मग बाकी वाद्यं, तीही जपून. एका विरहगीतात तर तिच्या सोबतीला फक्त जॅझवाल्या हर्बी हॅनकॉकचा पियानो आहे. ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डवर ढोलांचा आवाज सभागृहभर घुमवायची फॅशन होती. इथे ध्वनिमुद्रक एड चर्नीने सगळं इतकं जवळ ठेवलंय की श्वास ऐकू येतो.

अकरा गाण्यांतली दोनच तिची स्वतःची. त्यातलं शीर्षकगीत मूल हवं असलेल्या आणि वय सरत चाललेल्या मैत्रिणीबद्दल, थकत जाणाऱ्या आईवडिलांबद्दल आहे. अकरावीत मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. पस्तिशीत पुन्हा ऐकलं तेव्हा कॅसेट बंद करावी लागली. अल्बम आला तेव्हा ती ३९ वर्षांची होती, आणि पॉपच्या बाजारात त्या वयाच्या बाईचे प्रश्न कुणी गात नव्हतं म्हटलं तरी चालेल.

‘‘मग गाजला कसा?’’ ट्रेनी माझ्या खांद्यावरून वाचत होती.

मार्च १९८९ मध्ये अल्बम आला. फेब्रुवारी १९९० मध्ये टॉम पेटी, डॉन हेन्ली असल्या नावांना मागे टाकून तो ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरला. त्या रात्री तिने चार ग्रॅमी नेले, त्यातला एक ब्लूजचे बुजुर्ग जॉन ली हूकर यांच्याबरोबरच्या गाण्याचा. आणि एप्रिल १९९० मध्ये, म्हणजे बाजारात येऊन वर्ष उलटल्यावर, अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला. पुढे एकट्या अमेरिकेत त्याला पन्नास लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं.

‘‘एक वर्ष?’’ तिला हेच खरं वाटेना. तिचा दोष नाही. आमच्याकडे कॉपीचं आयुष्य चार तास. पहिल्या तासात वाचक आले नाहीत तर ती मेली.

ग्रॅमीने बुडती बाई तारली अशी गोष्ट सगळीकडे सांगतात. मला ती अर्धीच पटते. पुरस्काराने दुकानापर्यंत माणसं नेली हे खरं. पण घरी नेलेली कॅसेट पुन्हा पुन्हा लावावीशी वाटणं हे पुरस्काराचं काम नव्हे. हे वाक्यही मी लिहिलं होतं. शब्द वाढले म्हणून मीच उडवलं.

हेडिंग मी दिलं: ‘७३ व्या वर्षी बॉनी रेटला ग्रॅमीचा धक्का’. पावणेदहाला कॉपी सोडली आणि ती होम पेजच्या तळाशी जाऊन बसली. दुपारी चारच्या सुमारास तुर्कस्तानात दुसरा मोठा धक्का बसला, आणि माझ्या हेडिंगमधल्या त्या शब्दाची मला लाज वाटली. ‘धक्का’ काढून ‘सुखद आश्चर्य’ केलं. पाळी संपून दोन तास झाले होते, तरी निघवत नव्हतं. ट्रेनी हेडफोन लावून बसलेली. तिने एक कान मोकळा केला.

‘‘ताई, हे मागे कुणीतरी कण्हतंय, ते कोण?’’

‘‘तीच. बोटातली काच.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर रात्रपाळीने हेडिंग पुन्हा बदललं होतं: ‘कोण ही बॉनी रायट? जाणून घ्या’. गंमत म्हणजे एव्हाना ब्रिटनमधल्या एका पेपरनेही तिला ‘अनोळखी ब्लूज गायिका’ म्हणून टाकलं होतं, तेव्हा आमच्या पोरांना बोलण्यात अर्थ नव्हता. खालच्या मजकुराला कुणी हात लावला नव्हता. मी हेडिंग तसंच ठेवलं. रायटचं फक्त रेट केलं.