बर्फावर टेकलेली शिळा

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या ईशान्येला, खुरट्या स्प्रूसचे रान विरळ होत जाते आणि उघडा खडक सुरू होतो. त्या प्रदेशात जुलै महिन्यात आम्ही मॅकेन्झी डाइकांचे नमुने गोळा करत होतो. सुमारे 127 कोटी वर्षांपूर्वी वितळलेला खडक जमिनीतल्या पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या भेगांमध्ये शिरला आणि तिथेच भिंतीसारखा थिजला; अशा भिंतीला डाइक म्हणतात. त्या भेगा उत्तर ध्रुवसागराच्या किनाऱ्यापासून आग्नेयेकडे दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेल्या आहेत. थिजून थंड होत जाताना खडकातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. ही दिशा मोजणे, म्हणजेच पुराचुंबकत्व, हा माझा विषय आहे.

नमुना कुठून घ्यायचा, यावर या विषयात बरेच काही ठरते. उघड्या माथ्यावर वीज पडलेली असेल, तर तिच्या प्रवाहाने खडकाचे जुने चुंबकत्व पुसले जाते आणि प्रयोगशाळेत कितीही काळजी घेतली तरी ते नेहमी परत मिळत नाही. त्यामुळे विजेपासून आडोशाला असलेली जागा मिळाली तर ती सोडवत नाही. त्या दिवशी समोर आलेली जागा नेमकी तशी होती. सुमारे 260 कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटच्या कड्यात डाइकची एक पातळ शाखा घुसली होती. ग्रॅनाइट टिकला, डाइकचा काळा खडक पाणी आणि हिवाने फुटून गळत गेला, आणि उरली ती सुमारे वीस मीटर उंचीची, माणूस जेमतेम मावेल एवढी फट. सह्याद्रीत आम्ही जिला चिमणी म्हणतो, तीच. मागच्या बाजूला डाइकचा शिल्लक भाग ताजा आणि घट्ट दिसत होता.

कड्याच्या माथ्यावर मागच्या बाजूने जायचे, तर सरोवराच्या एका फाट्याला वळसा घालून दलदलीतून जवळजवळ अख्खा दिवस चालावे लागले असते. चिमणी चढणे अवघड नव्हते. एका भिंतीला पाठ, दुसऱ्या भिंतीला पाय, हाताने रेटा देत एकेक वीत वर सरकायचे, हे तंत्र तैलबैल्याच्या परिसरात शिकलेल्या कोणालाही जमेल. येथील ग्रॅनाइट तर आपल्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी खरखरीत आहे आणि बुटाचा तळ त्यावर निर्धास्त टेकतो. मात्र त्यावर काळ्या दगडफुलाचे थर असतात. ते कोरडे असताना कुरकुरीत आणि ओले झाले की भयंकर निसरडे असतात. शिवाय मोडलेला पाय घेऊन तिथे विमानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे आम्ही दोघेही जाणून होतो. उपग्रह फोन होता, पण पाण्यावर उतरणारे छोटे विमान हवा मोकळी असेल तरच येते. म्हणून सोप्या चढाईलाही आम्ही अवघड चढाईचे सगळे नियम लावले.

वेळेचे बंधन सूर्याचे होते. नमुना काढण्यापूर्वी खडकावर त्याची दिशा अचूक आखावी लागते, आणि मॅग्नेटाइटने भरलेल्या डाइकजवळ होकायंत्र विश्वासाचे राहत नाही. तसेही इतक्या उत्तरेला चुंबकीय क्षेत्र जवळजवळ सरळ जमिनीत शिरते, त्यामुळे सुई आळसावते. भारतासाठी समतोल केलेले माझे जुने होकायंत्र तर तिथे काचेलाच घासत असे. अशा वेळी सूर्य-होकायंत्र वापरतात: उभ्या काडीची सावली आणि नेमकी वेळ नोंदवली की दिशा गणिताने मिळते. चिमणी वायव्येहून थोडी उत्तरेकडे झुकलेली आणि आग्नेयेला उघडी होती. म्हणजे दुपारच्या सुमारास सूर्य तिच्या रेषेत आला की साधारण तासभरच ऊन आतपर्यंत पोहोचणार होते.

मी पुढे चढले आणि माझ्यासोबतचा विद्यार्थी खालून बिले देत होता, म्हणजे मी पडले तर थांबवता यावे म्हणून माझा दोर सांभाळत होता. पाठपिशवी पाठीवर राहिली तर चिमणीत पाठच टेकत नाही, म्हणून ती हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) स्लिंगने (पट्टीच्या फासाने) बांधून पायांखाली लोंबत ठेवली होती. काळ्या माश्या जाळीवर बसत होत्या आणि दोन्ही हात भिंतीला असल्याने त्यांना हाकलणे शक्य नव्हते. डाइक आणि ग्रॅनाइट यांच्या सांध्यात सुरुवातीला दोन नट, म्हणजे दोर अडकवण्यासाठी भेगेत रुतवायच्या धातूच्या पाचरी, चांगले बसले. त्याच्या वर भेग बुजली होती, आणि साधारण चार मीटरवर दोन्ही भिंतींमध्ये एक मोठी शिळा अडकलेली होती. तिच्याभोवती स्लिंग टाकली की पुढचा प्रश्न मिटेल, असा खालून बघताना माझा हिशेब होता.

शिळेपाशी पोहोचल्यावर, सह्याद्रीतल्या सवयीने, मी तिच्यावर हातोडीने ठोकून पाहिले. आवाज भरीव आला नाही. डोके आत घालून बघितले तेव्हा कारण दिसले. शिळेची एक कड ग्रॅनाइटवर होती, पण दुसऱ्या बाजूला, चिमणीच्या खोल सावलीत, ती गेल्या हिवाळ्याच्या करड्या बर्फावर टेकलेली होती. ज्या उन्हाची मी वाट पाहत होते, तेच ऊन तासाभरात त्या बर्फावर पडणार होते.

मी स्लिंग परत हार्नेसला अडकवली. त्या शिळेला दोर बांधणे म्हणजे ती सुटली तर तिच्यासोबत स्वतःलाही बांधून घेणे होते. विद्यार्थ्याला मी कड्याच्या कोपऱ्यामागे सरकून तिथून बिले द्यायला सांगितले. त्याने कारण न विचारता आधी जागा बदलली, याचे मला आजही कौतुक वाटते. खाली उतरून जाण्याचा विचार मी गंभीरपणे केला. पण उतरताना शिळा सगळा वेळ डोक्यावर राहणार होती, आणि वर काही हालचालींतच ती माझ्या खाली जाणार होती. चिमणीच्या बाहेरच्या कडेला भिंती कोरड्या आणि स्वच्छ होत्या. मी तिकडे सरकले आणि शिळेला अजिबात न स्पर्शता, शेवटचा नट बराच खाली असताना, बाहेरून तिला ओलांडले. एक पाय पक्का झाल्याशिवाय पाठ उचलायची नाही, एवढेच तेव्हा डोक्यात होते. वर एक भेग मिळाली, तिच्यात कॅम (भेगेत फुलून पकड घेणारे साधन) बसला, आणि माथ्यापर्यंत मग अडचण आली नाही.

माथ्यावर एका भल्यामोठ्या, पक्क्या खडकाला अँकर करून, म्हणजे दोर पक्का अडकवून, मी चिमणीच्या वरच्या भागात दोरावर उतरले. शिळेखालचे नमुने, जे विजेपासून सर्वांत सुरक्षित होते आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता, ते मी सोडून दिले. त्याऐवजी माथ्यापासून शक्य तितके खाली, पण शिळेच्या वर, डाइकच्या मध्याचे, कडेचे आणि डाइकच्या उष्णतेने भाजलेल्या ग्रॅनाइटचे ठोकळे घेतले. दोरावर लटकून ड्रिल चालवणे मला पटत नाही, म्हणून छिन्नीनेच काम केले. ऊन आले तेव्हा प्रत्येक ठोकळ्यावर आडवी रेषा आणि सावलीचा कोन आखून मगच तो सुटा केला. खालून पाण्याच्या थेंबांचा आवाज वाढत होता. शेवटचा ठोकळा पिशवीत टाकत असताना एक जड, घासल्यासारखा आवाज झाला आणि शिळा चार बोटे खाली सरकून पुन्हा अडकली.

दोर शिळेवरून जाऊ नये म्हणून मी तो माथ्यावरूनच चिमणीच्या बाहेरच्या भिंतीवर वळवला आणि तिकडून जमिनीवर आले. अँकरची स्लिंग वरच राहिली. संध्याकाळी तंबूत आम्ही दोन्ही होकायंत्रांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर डाइकच्या कडेला चुंबकीय सुई सूर्यापेक्षा अकरा अंशांनी चुकत होती. नोंदवहीत जागेचे अक्षांश-रेखांश, शिळेचे रेखाचित्र आणि पुढच्या चमूसाठी सूचना लिहिली: खालचे नमुने हवे असल्यास बर्फ पूर्ण गेल्यावर, ऑगस्टअखेरीस यावे, आणि दलदलीतून वळसा घालून वरूनच उतरावे.