तक्रार चाकाची होती

शनिवारी दुपारी दुकानात एक आजी, त्यांचा मुलगा आणि सून आले. सुनेच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं सात आठवड्यांचं बाळ, मुलाच्या हातात नवीकोरी प्रॅम. "पुढचं चाक जाम होतंय ताई. वळवायला गेलं की नुसतं फरफटत जातं," मुलगा म्हणाला. गाडी ऑनलाइन घेतलेली, आमच्याकडची नव्हती. पण प्रॅम दुरुस्त करून देणारी दुकानं पुण्यात थोडीच, त्यामुळे बाहेरच्या गाड्याही आमच्याकडे येतात.

चाकाची तक्रार आली की गाडी आधी उलटी करायची. चाक आणि रॉड यांच्या फटीत केस, शिवणाचा दोरा, झाडूची काडी असं काहीतरी गुंडाळलेलं बहुतेक वेळा सापडतं. चाकाचं बटण दाबून ते बाहेर काढायचं, चिमट्याने गुंता ओढायचा आणि रॉडवर सिलिकॉनचा हलका फवारा मारायचा. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटते आणि आठवड्याभरात काळा चिखल होतो. नंतर चाक धरून आडवं हलवून बघायचं. थोडी हालचाल चालते, खडखड वाजलं तर बुश, म्हणजे चाकाच्या आतली कडी, गेला. या गाडीत यातलं काहीच नव्हतं. दोन्ही पुढची चाकं बोटाने फिरवली तर गरकन फिरत होती.

मग सीटवर ५ किलो तांदळाची पिशवी ठेवली. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर रिकामी प्रॅम कुठलीही छान चालते, तिच्यावरून काही कळत नाही. वजन ठेवूनही ही व्यवस्थित वळली. म्हणून आजींना विचारलं, "घरी तुम्ही कशी धरता, दाखवा बरं." त्यांनी हँडलच्या दोन्ही बाजूंचे खटके ओढले आणि हँडल सीटवरून पलीकडे टाकलं. "मला त्याचं तोंड दिसायला हवं ना," त्या म्हणाल्या.

तिथेच उत्तर मिळालं. आपल्याकडे कमी किमतीच्या बहुतेक प्रॅममध्ये हँडल उलटसुलट करता येतं आणि जाहिरातीत ते ठळकपणे दाखवलेलं असतं. पण या गाडीची फिरणारी चाकं दोनच, बाळाच्या पायांकडची. उरलेली दोन सरळ रॉडला बसवलेली, वळत नाहीत. हँडल पलीकडे टाकलं की फिरणारी चाकं ढकलणाऱ्याच्या पायाशी येतात आणि न वळणारी पुढे जातात. आता वळायचं तर पुढचा भाग उचलावा किंवा फरफटवावा लागतो. काही गाड्यांत चारही चाकं फिरतात आणि प्रत्येकावर छोटी खिट्टी असते. तिथे आपल्या बाजूची दोन चाकं खिट्टी लावून सरळ करायची, पलीकडची मोकळी सोडायची आणि हँडल बदललं की हा बदलही करायचा. या गाडीत ती सोय नव्हती.

त्याहून वाईट ब्रेकचं. ब्रेकचा पेडल मागच्या रॉडवर असतो, हँडल उलटं केल्यावर तो पुढे, बाळाच्या डोक्याच्याही पलीकडे जातो. उतारावर गाडी थांबवायची तर हँडल सोडून वळसा घालून पुढे जावं लागणार. दुकानाबाहेर रस्त्याकडे उतरणारा छोटा रॅम्प आहे, तिथे तांदळाची पिशवी ठेवलेली गाडी आजींच्या हातात दिली आणि ब्रेक लावायला सांगितलं. पाय पोचेना. त्या काही बोलल्या नाहीत, पण मुलगा लगेच पुढे झाला आणि त्याने गाडी धरली.

हँडलला एक जाड पिशवी लटकत होती. दुधाची बाटली, लंगोट, गरम पाण्याचा थर्मास, वर येताना घेतलेली भाजी. चारेक किलो सहज. तीही त्यांच्यासमोरच तपासली. सीटवर तांदूळ असेपर्यंत गाडी उभी राहिली. तांदूळ उचलले तशी गाडी मागे कलंडली आणि थर्मास फरशीवर आपटला. हँडल मागच्या रॉडपासून दीडेक वीत मागे असतं. त्या टोकाला लटकवलेलं ओझं गाडीला मागे खेचत असतं आणि बाळाचं वजन तिला पुढून धरून ठेवत असतं. बाळ उचललं की तो तोल जातो. सीटची पाठ आडवी केली की बाळाचं डोकं आणि धड मागच्या रॉडकडे सरकतात, त्यामुळे निजलेल्या बाळाची गाडी बसलेल्या बाळाच्या गाडीपेक्षा लवकर कलंडते. पायरी चढवताना आपण हँडल दाबतो, तेव्हा तर सगळंच एका बाजूला येतं. सामान खालच्या जाळीत ठेवायचं, तेही तिच्यावर लिहिलेल्या मर्यादेत. बऱ्याच जाळ्यांची मर्यादा २ ते ५ किलो असते, काही मोठ्या गाड्यांची त्याहून जास्त.

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग सूनबाईंनी बाळाला सीटमध्ये ठेवून दाखवलं आणि ते बघून मी त्यांना लगेच उचलून घ्यायला सांगितलं. हनुवटी छातीला टेकली होती. या वयाच्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान धरलेली नसते आणि श्वासनलिका अरुंद, मऊ असते. मान अशी पुढे दुमडली की श्वास अडू शकतो आणि बाळ रडून सांगेलच असं नाही. पाठीमागे त्यांनी मऊ उशी घातली होती, तिने डोकं आणखी पुढे ढकललं होतं.

"पाठ पूर्ण खाली केली आहे हो," मुलगा म्हणाला. पूर्ण खाली म्हणजे किती, ते मोजता येतं. मोबाईलमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं. फोन आधी बैठकीवर ठेवायचा आणि आडव्या रेषेपासूनचा कोन बघायचा, मग पाठीवर ठेवून तिथला बघायचा. दोन्हींची बेरीज १८० मधून वजा केली की बैठक आणि पाठ यांच्यामधला कोन मिळतो. यांच्या गाडीत बैठक ८ अंश, पाठ ४५ अंश, म्हणजे मधला कोन १२७. प्रॅमसाठीच्या ईएन १८८८ या युरोपीय मानकात सहा महिन्यांखालच्या बाळाच्या सीटला हा कोन किमान १५० अंश लागतो. म्हणजे फोनवरच्या दोन आकड्यांची बेरीज ३० च्या आत हवी. खोक्यावर '०+ महिने' छापलेलं असलं तरी हे मोजून बघावं. बसता येईपर्यंत, साधारण सहा महिने, बाळाला सपाट किंवा जवळजवळ सपाट निजवणारी सीट लागते. ती नसेल तर प्रॅम घरी राहू दे, बाळ कुशीत बरं.

पट्टे पाच बिंदूंचे होते, ते चांगलं होतं: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक पायांमधून. पण पायांमधला पट्टा लावलाच नव्हता, कारण बाळाला त्रास होतो असं वाटलं. तो नसेल तर बाळ खाली सरकतं आणि खांद्यांचे पट्टे गळ्याशी येतात. पट्टा घट्ट किती, तर गळपट्टीच्या हाडाशी पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका. जाड स्वेटर किंवा दुपट्यावरून पट्टे बांधले की ते घट्ट वाटतात आणि प्रत्यक्षात सैल राहतात. पांघरूण पट्ट्यांच्या वरून घालावं.

दुरुस्त करण्यासारखं त्या गाडीत काही नव्हतंच. नवी घ्यावी का, यावर मुलाने मोबाईलवर फोटो दाखवला: कारसीट, झोपायचा कॉट आणि सीट असा तिन्ही मिळून येणारा सेट, वजन १४ किलो. आमच्याकडे तो होता, विकलाही असता. पण आधी तीन गोष्टी विचारल्या. गाडी कोण ढकलणार, ती कुठे राहणार आणि कुठे जाणार. ढकलणार आजी. घर सदाशिव पेठेत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सूनबाईंचं सिझेरियन झालेलं, जड उचलायची मनाई. जायचं कुठे, तर १० आणि १४ आठवड्यांच्या लसींना कारने, आणि संध्याकाळी आजींना बाळाला सारसबागेत न्यायचं होतं. ही उत्तरं ऐकल्यावर १४ किलोचा सेट बाजूला ठेवला. त्यातली कारसीट चांगली असते, पण ती कारमध्ये बसण्यासाठी. तिच्यात बाळ अर्धवट बसलेलं असतं, म्हणून तीच फ्रेमवर अडकवून तासन् तास झोपवणं योग्य नाही.

मुलाची हॅचबॅक पलीकडच्या गल्लीत उभी होती. टेप घेऊन तिथे गेलो. डिकीत सीएनजीची टाकी. हल्ली प्रॅम घेताना हे बघायलाच हवं, कारण कंपनीच्या माहितीत डिकीचे लिटर टाकी धरून नसतात. टाकी आणि मागचं दार यांच्यामध्ये उरली होती २४ सेंटीमीटर. घडी घातलेल्या प्रॅमची लांबी-रुंदी सगळे बघतात, अडते ती जाडी. मागच्या सीटवर मोकळी टाकू म्हणाल तर जोरात ब्रेक लागल्यावर ती पुढे उडून येते.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी त्या फटीत सहज बसली असती. ती रचना ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनियरने १९६५ मध्ये तयार केली. त्याने आधी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलं होतं, त्यामुळे हलकी अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि मिटणारे सांधे त्याच्या हातातले. आजही प्रवासाला ती उत्तम. पण तिचं सीट बहुधा झोळीसारखं असतं, सात आठवड्यांच्या बाळाला चालत नाही. शिवाय सांध्यांपासून बोटं सांभाळावी लागतात. २००९ मध्ये त्याच कंपनीला अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांच्या सांध्यांसाठी झाकणं द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं त्यात सापडली होती. कुठलीही प्रॅम उघडताना-मिटताना मूल हातभर लांब हवं.

दोन गाड्या निवडल्या, दोन्ही हँडल नव्हे तर सीट उलटं होणाऱ्या. यात सीट उचलून काढायचं, फिरवून पुन्हा बसवायचं. चाकं आणि ब्रेक जागेवरच राहतात. दोन्ही बाजूंना 'टक' असा आवाज आलाच पाहिजे, आणि तो आल्यावरही सीट वर ओढून बघायचं. एकाच बाजूला बसलेलं सीट दिसायला सरळच दिसतं.

पहिली साडेसात किलोची, पुढची चाकं ५ इंची, जोडीची. ती दुकानाबाहेरच्या फूटपाथवर नेली. पेव्हर ब्लॉकच्या फटीवर खडखडली, आणि ड्रेनेजच्या जाळीत चाक अडकून गाडी जागीच थांबली. लहान चाक लहानशा उंबऱ्यालाही भिंतीसारखं आदळतं, मोठं त्याच्यावर चढून जातं. दुसरी ९ किलोची, पुढे ७ इंच, मागे ९ इंच, स्प्रिंग बसवलेली. दीड किलो जास्त, पण तीच जाळी तिने आजींच्या एका हातात पार केली. पेठेतून सारसबागेपर्यंतच्या रस्त्याला हीच योग्य होती. हवा भरायची चाकं मुद्दाम दाखवली नाहीत. चालतात छान, पण पंक्चरचा व्याप आजींच्या मागे कशाला.

आजींची उंची ४ फूट १० इंच. हँडल खाली घेऊन लावलं, कोपर किंचित वाकेल असं. मग नेहमीच्या चालीने दहा-पंधरा पावलं टाकायला लावली, कारण काही गाड्यांत मागच्या रॉडला पाय आपटतो. नाही आपटला.

घडीची जाडी २९ सेंटीमीटर भरली, म्हणजे डिकीत पाच जास्त. मागची चाकं बटण दाबून काढल्यावर २३ झाली आणि दार बंद झालं. चाकं काढायची म्हणजे परत लावताना दोन्हीकडे ओढून बघणं आलं.

जिन्याचं मी स्पष्ट सांगितलं: प्रॅममध्ये बाळ ठेवून गाडी जिन्यावरून न्यायची नाही, दोघांनी धरूनही नाही. आधी बाळ वर, मग गाडी. आणि गाडी उचलताना बाळासमोरचा आडवा दांडा धरायचा नाही, तो उचलण्यासाठी नसतो, खटक्यासकट निघून हातात येतो. रोज वर न्यायचीच नसेल तर खाली मीटरच्या जागेजवळ ठेवावी, साखळी चाकातून न घालता फ्रेमच्या नळीतून घालावी आणि सीट काढून वर न्यावं. पावसाळ्यात खाली ठेवलेल्या कापडावर बुरशी धरते.

मच्छरदाणी त्यांनी सोबत घेतली, ते बरंच झालं. डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. ऊन लागतं म्हणून हुडावर ओढणी टाकून समोरचा भाग झाकण्याची सवय मात्र मोडायला सांगितली. पातळ कापडानेही आतली हवा कोंडते आणि आतलं तापमान झपाट्याने वाढतं. उन्हाला हूड पुढे ओढावं, गाडीची दिशा बदलावी, नाहीतर बाहेर पडण्याची वेळ बदलावी. पावसाचं प्लास्टिकही दुकानात किंवा दवाखान्यात शिरताच काढावं.

जुनी गाडी टाकू नका म्हटलं. बाळ नीट बसू लागल्यावर, हँडल सरळ ठेवून, ती सोसायटीच्या आवारात चालेल. हँडलचे खटके मी तिथेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने गुंडाळून टाकले, म्हणजे कुणी सवयीने उलटं करणार नाही.

निघण्यापूर्वी नवी गाडी आजींनी स्वतः उघडली आणि मिटली. पहिल्यांदा बाजूची खिट्टी अडकली नाही, गाडी हातात पुन्हा उघडायला लागली. दुसऱ्यांदा पायाने रॉड दाबून धरला, तेव्हा घडी पक्की बसली. खांद्याचे पट्टे सध्या सर्वात खालच्या खाचेत आहेत. बाळाचे खांदे त्या खाचेच्या वर गेले की पट्टे एक घर वर घ्यायचे, आणि ते जमलं नाही तर गाडी तशीच घेऊन या, म्हणून सांगितलं.