बाईंनी शिकवलेला लोकरीचा बदाम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा मी हस्तकलेच्या तासाविषयीच लिहायचे ठरवले. गणिताच्या आणि भाषेच्या शिक्षकांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, पण विणकामाच्या बाईंनी आम्हाला जे दिले त्याचीही नोंद राहायला हवी, असे मला मनापासून वाटते.

विणकामाची सुरुवात सहसा मफलरने होते. बाईंनी मात्र आम्हाला घरात टांगण्याजोगा, आत कापूस भरलेला, हृदयाच्या आकाराचा बदाम विणायला दिला. मफलरीत एकच ओळ पुन्हापुन्हा विणली जाते, तर तळहाताएवढ्या या आकारात टाके घालणे, वाढवणे, विभागणे, घटवणे आणि बंद करणे हे सारे येऊन जाते. मी आता मुलांना विणकाम शिकवते, तेव्हा मलाही त्यांचाच क्रम योग्य वाटतो.

सुरुवात खालच्या टोकाकडून, अवघ्या 2 टाक्यांनी होते. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणत, प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवत गेले की 12 वाढींनंतर सुईवर 26 टाके होतात. मग चार ओळी तशाच विणून टाक्यांचे 13-13 असे दोन भाग करायचे, एक भाग सेफ्टी पिनेवर ठेवायचा आणि दुसऱ्याच्या दोन्ही कडांना, एक ओळ सोडून एक, दोन टाके एकत्र विणत 5 टाके उरले की ते बंद करायचे. मागे ठेवलेला भागही तसाच पुरा करायचा. असे दोन तुकडे लागतात. टाके पुरेसे झाल्यावर वाढ मात्र कडेचा एक टाका सोडून आत करावी, असा बाईंचा आग्रह असे. त्यामुळे कड सरळ राहते आणि पुढे शिवताना प्रत्येक ओळ समोरच्या ओळीला नेमकी भेटते.

सुयांविषयी त्या फारच काटेकोर होत्या. लोकरीच्या वेष्टनावर 4 मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर या कामाला त्या 3 किंवा सव्वातीनची देत, कारण कापसाने विणीवर ताण येतो, टाके फाकतात आणि सैल विणीतून आतला पांढरा कापूस डोकावू लागतो.

तुकड्यांच्या कडा आत वळतात, पण शिवल्यावर ते वळण नाहीसे होते. सुलट बाजू वर ठेवून, कडेच्या टाक्याला लागून असलेला आडवा धागा आलटून पालटून दोन्हीकडून उचलत हलक्या हाताने ओढले की शिवण दिसेनाशी होते. मधल्या खाचेत हमखास छिद्र राहते; तिथे दोन टाके जास्त घ्यावे लागतात.

माझ्या मते खरे कसब भरण्यात आहे. कापसाचा मोठा बोळा कोंबला तर बाहेरून गाठी दिसतात. म्हणून तो पिंजून, चिमूटचिमूट, आधी खालच्या टोकात, मग वरच्या दोन्ही गोलाईंत आणि शेवटी मध्यभागी भरायचा. वस्तू धुवायची असेल तर साध्या कापसापेक्षा कृत्रिम तंतू बरे, कारण कापूस ओला झाल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. उरलेली फट शिवून झाली की लोकरीचे टोक सुईने आतून आरपार न्यायचे, किंचित ताणून अगदी विणीलगत कापायचे, म्हणजे ते आपोआप आत जाते. टांगण्याची दोरी मात्र खाचेतच लावावी. एका गोलाईवर लावली तर बदाम कलतो.