शिरोलीच्या शेडमधली टेक्नो पार्टी : कसं जायचं, काय न्यायचं, पहाटे कुठं खायचं

कोल्हापुरात टेक्नोची, म्हणजे मशिनीवरच्या एकसलग ठोक्यांच्या नाचायच्या संगीताची, पार्टी झाली असं पुण्यातल्या ग्रुपवर टाकलं तर पहिला रिप्लाय काय यावा, "म्हणजे डॉल्बी ना?" म्हणून हे सविस्तर लिहितेय, शिवाय पुढच्या वेळी यायचंय म्हणून बऱ्याच जणांनी तेच तेच विचारलंय, तर सगळं एकदाच घ्या. नेमका पत्ता आणि आयोजकांची नावं देणार नाही, त्यांनीच तसं सांगितलंय, आणि जागा दरवेळी बदलते त्यामुळं पत्त्याचा तसाही काही उपयोग नाही. या वेळी शिरोली एमआयडीसीतली एक रिकामी शेड होती, पूर्वी तिथं मशीन शॉप होतं, फरशीवर तेलाचे काळे डाग अजून आहेत आणि वर वजन उचलायच्या चेन ब्लॉकचा गर्डर तसाच लटकतोय.

जायचं कसं ते आधी. स्वारगेटवरनं कोल्हापूरची एसटी, अंतर साधारण २३० किलोमीटर, पण हायवेच्या रुंदीकरणाच्या कामामुळं साताऱ्याच्या पुढं डायव्हर्जनवर डायव्हर्जन लागतात तेव्हा सहा तास धरूनच निघा. थेट पार्टीला जायचं असेल तर सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती स्टँडपर्यंत, अजिबात जाऊ नका, सांगली फाट्याला उतरा, कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. नाहीतर गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून तावडे हॉटेलवरनं आत स्टँडला जाते आणि तुम्ही तेवढंच अंतर रिक्षानं उलटं येता, वर रिक्षावाला हाफ रिटर्न लावणार. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कुणी पार्टी ठेवली तर तिकीट काढायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ला आणि २०२१ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता, म्हणजे शेडमध्ये पोचलात तर पोचलात, परत यायला बोट बघायला लागेल.

आम्ही दुपारीच राजारामपुरीत मैत्रिणीच्या घरी जाऊन पडलो. तिच्या आईला "गाण्याचा कार्यक्रम आहे" एवढंच सांगितलेलं, तर काकूंनी तांबडा-पांढरा करून ठेवलेला आणि "रात्रभर कार्यक्रम हाय म्हणताय, मग जेवून जावा की नीट" म्हणून दोन-दोन वाट्या जास्तीच्या वाढल्या. चव काय सांगू, पण रात्रभर नाचायचं असेल तर पांढऱ्यावर थांबा, तांबडा दुसऱ्या दिवसाला ठेवा. बाकी समजून घ्या.

एन्ट्रीचं असं आहे की दारावर तिकीट मिळत नाही. इन्स्टावर फॉर्म येतो, तो भरायचा, त्यांनी हो म्हटलं की ५०० रुपये पाठवायचे आणि लोकेशनचा पिन त्याच दिवशी संध्याकाळी येतो. माणसं सत्तर-ऐंशीच घेतात. दारात एक मुलगी मोबाईलच्या पुढच्या-मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर गोल स्टिकर चिकटवते, बर्लिनच्या क्लबांमध्ये चालतं तसंच. एक-दोघांनी कुरकुर केली, पण अर्ध्या तासात कळतं की याचा फायदा काय, कोण आपल्याला शूट करतंय ही धास्ती गेली की माणसं खरंच नाचतात, विशेषतः मुली. दारू नव्हती, परवान्याची भानगड नको म्हणून, त्याऐवजी एका पोरानं थंडाईचा ठेला लावलेला, पैलवानांसाठी घोटतात तसली बदाम-खसखसवाली, आणि ठेल्यावर पाटी, "भांग मागू नये". मला हे लय आवडलं.

आता खरी गोष्ट, साउंड. आम्ही लवकर पोचलो म्हणून हे बघायला मिळालं, नाहीतर हुकलं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये बेस लावला की सगळी शेडच वाजायला लागते, पत्रा थरथरतो, आवाजाचा नुसता चिखल होतो. साउंडवाले मामा म्हणजे आयुष्यभर मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती लावलेला माणूस, त्यांनी या वेळी सबचे, म्हणजे खालच्या बेसचे, चारच बॉक्स आणलेले आणि ते शेजारच्या फाउंड्रीतनं मागून आणलेल्या मोल्डिंगच्या वाळूच्या पोत्यांवर बसवलेले, म्हणजे बॉक्सची थरथर फरशीत उतरत नाही. भिंतींना वाकळा टांगल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या, कुणाकुणाच्या घरातनं गोळा केलेल्या, त्यावरची रंगीत ठिगळं लाल लाइटमध्ये अशी दिसत होती की कुठल्या डेकोरेटरला पैसे देऊन जमलं नसतं. मग मामांनी लॅपटॉपवरनं एक सलग सूर लावला आणि तो खालनं हळूहळू चढवत नेला. ३० हर्ट्झ, ४०, ५०, काही नाही, आणि साठच्या थोडं पुढं गेला तशी कोपऱ्यातनं कर्रर्र. मामांनी सूर तिथंच धरून ठेवला, एक पोरगं शिडीवर चढलं, पत्र्यावर हात ठेवत ठेवत सैल जे-बोल्ट शोधला, पान्यानं आवळला. कर्रर्र बंद. पुढं परत सूर चढवला, परत दुसरीकडं खडखड, परत शिडी. तासभर हेच.

मी विचारलं, "मामा, एवढं कशाला, लोकांना काय कळतंय?" तर म्हणाले, "मिरवणुकीत आवाज मोकळ्यात पळून जातोय ताई, म्हणून पेटवायला लागतंय. हितं कुठं पळणार? हितं त्येला बसवायचं." आणि खरोखर बसला होता आवाज. शेडच्या मधोमध उभं राहिलं तर किक, म्हणजे बेसचा मुख्य ठोका, पोटात लागते आणि तरी शेजारच्याशी बोलता येतं, हे मी पुण्यातल्या महागड्या ठिकाणीसुद्धा क्वचित अनुभवलंय. डॉल्बीला नावं ठेवणारे आणि डॉल्बीसाठी भांडणारे, दोघांनीही एकदा मामांबरोबर तास काढावा.

कायद्याचं पण सांगते, कारण "पन्हाळ्याच्या बाजूला फार्महाऊसवर उघड्यावर करूया की" असं म्हणणारा एकतरी असतोच. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं पण ती तुमच्या टेक्नोसाठी नसते. बंद जागेत आतल्या आत वाजवता येतं, आवाज बाहेर किती जातो त्याला मर्यादा आहेच. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७०, म्हणूनच एमआयडीसी निवडतात. शटर खाली, दारं बंद, आणि एक जण दर थोड्या वेळानं कंपाउंडच्या गेटवर जाऊन मीटर बघून येत होता. शेजारच्या फाउंड्रीत नाइट शिफ्टला फेटलिंग, म्हणजे ओतलेले भाग घासायचं काम, चालू होतं, त्या ग्राइंडरच्या आवाजात आमचा आवाज गेटवर ऐकूच येत नव्हता! चहाच्या सुट्टीत तिथले दोन कामगार येऊन दारातनं डोकावून गेले, एकानं जाताना थंडाई घेतली.

सुरुवातीचा सेट हाऊसचा, म्हणजे टेक्नोच्याच भावंडाचा, होता, मिनिटाला १२०-१२२ ठोक्यांच्या आसपास, निवांत, लोक अजून भिंतीला टेकून. अकराच्या पुढं दुसरी डीजे आली, ती इचलकरंजीची, तिनं १३०च्या वर नेलं आणि मग अ‍ॅसिडचा तो चुरचुरणारा, पिळवटणारा आवाज काढला, टीबी-३०३ या बेसच्या मशिनीचा, त्या आवाजाच्या संगीतालाच हे नाव. शेजारचा मुलगा मला कानात ओरडून सांगतोय, हा शिकागोचा शोध. अरे बाबा, शिकागोवाल्यांनी त्या मशिनीला १९८७ला जगभर पोचवलं हे खरंय, पण १९८२ला मुंबईत चरणजित सिंग नावाच्या सिनेमाच्या वादकानं त्याच ३०३वर आणि ८०८ या ड्रम मशिनीवर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, तेव्हा कुणी फारशी घेतली नाही आणि २०१०ला परदेशातनं परत निघाली तेव्हा लोकांची तोंडं उघडी पडली. हे सगळं मी त्याला तिथं सांगितलं नाही, नाचत होते.

आणि मग हलगी. खरं सांगायचं तर "लोकवाद्य अधिक इलेक्ट्रॉनिक" असं काही दिसलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात, दहातलं नऊ वेळा ते कॉर्पोरेट फंक्शनच्या उद्घाटनासारखं होतं. इथं साडेबाराच्या सुमाराला शेडच्या मागं धूर दिसला म्हणून गेले तर एक हलगीवाले काका पेपर पेटवून त्यावर हलगी शेकत होते, कातडं ताणून घ्यायला, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकायचे आणि परत आचेवर धरायचे. आत आले, माईक नको म्हणाले आणि डीजेच्या टेबलाशेजारी उभे राहिले. डीजेनं खालची किक ठेवली, वरचं सगळं काढून टाकलं, हाय-हॅट नाही, क्लॅप नाही, ती सगळी जागा हलगीच्या कडकडाटाला मोकळी. गंमत अशी की हलगीवाला रंगात आला की लय चढवत नेतो आणि मशीन काही चढत नाही. मला वाटलं आता हे फाटणार. पण त्या पोरीनं डोळे काकांच्या टिपरीवर लावले आणि एक बोट पिच फेडरवर, म्हणजे गाण्याचा वेग बदलायच्या सरकपट्टीवर, काका चढले की ती केसभर फेडर सरकवायची, १२८वरनं सुरू केलेलं बघता बघता १३६ला गेलं आणि कुणाला कळलंही नाही कधी वेग वाढला, नुसती पब्लिक जमिनीपासून वर. दहाएक मिनिटं चाललं असेल. शेवटाला काकांनी एक पलटा मारून थांबवलं आणि ती त्याच ठोक्याला थांबली, एकदम सन्नाटा, आणि मागनं कुणीतरी "नाद खुळाऽऽ". मी तर म्हणते बाकी काही नसतं तरी तेवढ्यासाठी पाचशे वसूल.

आता पुढं जाणाऱ्यांसाठी कामाचं.

कान सांभाळा. आत माझ्या मोबाईलवर ९५च्या आसपास दाखवत होतं, मोबाईलचं मीटर काही फार विश्वासाचं नाही, पण हिशोब असा की ८५ डेसिबलला आठ तास चालतं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १००ला फक्त पंधरा मिनिटं. फोमचे इअरप्लग लागतातच. ऑनलाइन मागवत बसू नका, उद्यमनगरात सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात कामगारांसाठीचे मिळतात, चहाच्या पैशात जोडी. घालताना बोटांनी बारीक वळून घ्या, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढा, आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोट ठेवून फुगू द्या. नुसते कानात खोचले तर बाहेर पडतात आणि मग लोक म्हणतात उपयोग नाही.

पायात बूट. कोल्हापूर आहे म्हणून हौसेनं कोल्हापुरी घालून आलेले दोघं होते, त्या फरशीवर कुठं कुठं लोखंडाचा कीस अजून पडलाय आणि तेलकटपणा आहे तो वेगळा, ते दोघं रात्रभर खुर्चीत. पाण्याची बाटली आपली न्या, तिथं भरायला जार होता. टॉयलेट एकच, शेडच्या मागं, तिथं जायच्या वाटेवर लाइट कमी, मुलींनी जोडीनं जावं किंवा हाताला लाल पट्टी बांधलेल्या, आयोजकांच्या माणसांपैकी कुणाला सांगावं. ते चांगले होते, एक जण जरा अंगचटीला येत होता त्याला गाजावाजा न करता बाहेर काढला आणि परत आत घेतला नाही.

परतीची रिक्षा संध्याकाळीच ठरवून नंबर घेऊन ठेवा. रात्री केएमटीची सिटी बस नाही आणि एमआयडीसीत अ‍ॅपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका. आमच्या रिक्षावाल्या दादांना चार सांगितलेलं, ते पावणेचारलाच हजर आणि आत येऊन शेवटची दोन गाणी ऐकून "बरं हाय की" असा अभिप्राय पण दिला.

मैत्रीण म्हणाली, "मी घरी जाऊन झोपतो, तुमी जावा गंगावेशीला," पण शेवटी आलीच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पहाटे म्हशी येतात, समोर धार काढून ग्लास हातात देतात, फेसाळलेलं कोमट दूध. पोट नाजूक असेल तर शेजारी चहा घ्या, कच्चं दूध आहे ते. मग मिसळ. बावडा काय किंवा फडतरे काय, वाद घालायला कोल्हापूरकर पुरेसे आहेत, तुम्ही फक्त लवकर जा, सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि माल संपला की संपला. कट मागून घ्या, ब्रेडबरोबर, पाव मागितलात तर बाहेरचे आहात हे कळतं.

स्वतःची गाडी घेऊन आलेल्यांनी झोप काढल्याशिवाय हायवेला लागू नये, आमच्याबरोबरच्या दोघांच्या गाडीची किल्ली काकूंनी देव्हाऱ्यात ठेवली आणि दुपारी जेवल्यावरच दिली. कार्यक्रम कसा झाला विचारल्यावर मी हलगीचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या मग मला का नाही नेलं.

फॉर्मची लिंक मला मागू नका, माझ्याकडं नसते, शोधलीत तर इन्स्टावर सापडते. एक मात्र सांगते, त्यात "काय ऐकता" असा रकाना आहे तो मनापासून भरा. मैत्रिणीच्या भावानं "सगळंच ऐकतो" लिहिलेलं, त्याला अजून उत्तर आलेलं नाही.