एमजीबीचा शोध: हिरवी रोडस्टर बाद, मोर्चा आता जीटीकडे

जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची दोन दारांची स्पोर्ट्स कार, विकत घेण्यासाठी शोध चालू आहे. मागच्या नोंदीत जिच्यावर एवढी भिस्त ठेवली होती ती १९७२ची हिरवी रोडस्टर (उघड्या टपाची एमजीबी) यादीतून गेली. इंजिन गरम झाल्यावरही ऑइल प्रेशर दर चौरस इंचाला ६० पौंडांवर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) चालू, क्रोम बंपर धड, व्ही५सीवरचा (ब्रिटिश नोंदणीपत्रावरचा) आणि बॉनेटखालच्या पाटीवरचा जीएचएन५ने सुरू होणारा चेसिस क्रमांक जुळणारा. आणि डावं सिल, म्हणजे दरवाजाखालची पत्र्याची पोकळ पेटी, आतून खलास. त्यामुळे या वेळची बहुतेक नोंद सिलवरच आहे. एमजीबीच्या व्यवहारात सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते तिथेच.

पहिली शंका दरवाजाच्या फटीने आणली. गाडी चाकांवर उभी असताना दरवाजाच्या मागच्या कडेची फट खाली ६ मिमी आणि वर जेमतेम ३. रोडस्टरला छताचा आधार नाही, पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवतात ती दोन सिलं आणि मधला ट्रान्समिशन टनेल. सिल कमजोर झालं की गाडी मध्ये खचते, दरवाजाच्या अलीकडचा आणि पलीकडचा खांब वरून एकमेकांकडे झुकतात आणि फट वर निमुळती होते. बिजागऱ्या झिजल्यानेही फट बिघडते, म्हणून ते आधी निकालात काढायचं: दरवाजा अर्धा उघडून टोकाला धरून वर उचलायचा. बिजागरी सैल असेल तर हाताला खेळ लागतो. इथे काहीच खेळ नव्हता.

मग जॅक. दरवाजे बंद ठेवून, सिलच्या मधल्या जॅकिंग पॉइंटखाली लाकडाचा ठोकळा देऊन ट्रॉली जॅकने त्या बाजूची चाकं जमिनीवरून हलकी होईपर्यंत गाडी उचलली. आता वजन मध्यावर आलं, दोन्ही टोकं खाली लोंबायला लागली आणि वरची फट ३ वरून ७ मिमीवर गेली. धडधाकट शेलमध्ये (गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्यात) हा फरक एखाद्या मिलिमीटरच्या आसपास राहतो. ४ मिमी म्हणजे आतला पत्रा काम करत नाही. स्टीलच्या पट्टीपेक्षा फीलर गेज किंवा ड्रिलच्या वेगवेगळ्या बिट्स फटीत घालून मोजलं की आकडा पक्का मिळतो. जॅकवर असताना दरवाजा उघडू नका, खचलेल्या गाडीत तो परत नीट बसत नाही. आणि गाडीखाली डोकं घालायचं तर ॲक्सल स्टँड लावूनच.

चुंबकाबद्दल एक मत ठाम झालंय. बाजारात मिळणारी ताकदवान निओडिमियमची चुंबकं या कामाला निरुपयोगी आहेत, ती २ मिमी पुट्टीवरूनही खालचा पत्रा धरतात. फ्रिजच्या दारावर लावायचं पातळ, लवचीक चुंबक घ्या. ते मागच्या चाकाच्या पुढच्या वीतभर भागात अजिबात चिकटलं नाही. पेंट गेजने तेच आकड्यात दाखवलं: दरवाजाच्या मध्यावर १४० मायक्रॉन, सिलच्या मागच्या टोकाला १४०० ते १९००. शंभर-दीडशे म्हणजे एक रंगकाम, तीनशे-चारशे म्हणजे पुन्हा रंगवलेली. हजाराच्या वर गेलं की खाली पुट्टी आहे असंच धरायचं.

इथपर्यंत आशा बाकी होती, कारण वरची पुट्टी म्हणजे आतला पत्रा गेलाच असं नाही. निकाल लावला तो एंडोस्कोपने. आधीच्या कुणी मालकाने सिलमध्ये मेण फवारायला दरवाजाच्या चौकटीत भोकं पाडून रबरी बुचं बसवली होती. बुच काढून ५.५ मिमीचा कॅमेरा आत सोडला. सर्वांत बाहेर स्वच्छ, नवं बाह्य सिल. त्याच्या आत जुन्या सिलची जाळी झालेली कड, तशीच ठेवलेली. आणि त्यामागे मधला उभा पडदा, ज्याची खालची ४-५ सेंटीमीटर पट्टी गायबच होती. खाली कॅसल रेलला (सिलच्या तळाच्या पट्टीला) धरायला काही उरलंच नव्हतं.

म्हणजे सडलेल्या सिलवर नवं सिल टोपीसारखं चढवून वेल्ड केलेलं. असं का करतात हे समजून घेतलं की गाडी बघताना नजर नेमकी कुठे न्यायची ते कळतं. एमजीबीचं सिल दरवाजापुरतं नसतं. पुढे ते फ्रंट विंगच्या आत शिरतं, मागे रिअर विंगच्या खालच्या भागाआड जातं. नीट काम करायचं तर फ्रंट विंग काढावी लागते. ती बोल्टवर असते, पण काही बोल्ट डॅशबोर्डच्या मागून सोडवावे लागतात आणि पन्नास वर्षांचे बोल्ट सरळ सुटत नाहीत. रिअर विंग तर वेल्डच असते, तिचा खालचा तुकडा कापूनच आत जावं लागतं. ही सगळी मजुरी वाचवायला दिसतो तेवढाच भाग झाकतात. म्हणून ओळख टोकांना मिळते: स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकामागे हात घाला. तिथल्या स्प्लॅश पॅनेलमागे चिखल साठतो आणि सिलचं पुढचं टोक तिथेच आधी कुजतं. फ्रंट विंगची खालची कड सिलला स्क्रूने धरलेली असायला हवी. ती कड वेल्ड करून, पुट्टी लावून गुळगुळीत केलेली दिसली तर पुढची तपासणी दुप्पट कडक करा.

एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन-तपासणीचा, इतिहास सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट बघता येतो. या गाडीला २०१६ आणि २०१७मध्ये गंजाबद्दल सूचना होत्या, त्यानंतर एकही चाचणी नाही. २०१८च्या मे महिन्यापासून ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीची सक्ती राहिली नाही, आणि बऱ्याच गाड्यांचा कागदोपत्री माग तिथेच तुटतो. सक्ती नसली तरी चाचणी करून घेता येते, कारसाठी कमाल शुल्क ५४.८५ पौंड. विकणाऱ्याने ताजी एमओटी करून द्यावी ही अट पहिल्याच फोनवर घालायची. जो टाळाटाळ करतो त्याच्या गाडीसाठी पेट्रोल जाळू नये. चाचणीत सीटबेल्ट, सस्पेन्शन आणि ब्रेकच्या आधारांपासून ३० सेंटीमीटरच्या आतला गंज बघतात, म्हणजे सिलची टोकं आपोआप त्यात येतात.

भाव पाडून हिरवीच घ्यावी का, याचाही हिशोब मांडला. काम असं: शेल समतल आधारावर घ्यायचं, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत २५ मिमीच्या चौकोनी नळीचा आडवा टेकू वेल्ड करायचा, मगच कापायला सुरुवात. एका वेळी एकच बाजू. कॅसल रेल, आतलं सिल, उभा पडदा, बाह्य सिल, हाच क्रम, आणि प्रत्येक टप्प्यावर दरवाजा टांगून फट तपासायची. टेकू न लावता बाह्य सिल कापलं तर गाडी खचलेल्या आकारातच कायमची वेल्ड होते. एका बाजूला २५-३० तासांची मजुरी धरून चालावं, वर रंगकाम. पॅनेल घ्यायची तर ब्रिटिश मोटर हेरिटेजची. मूळच्या साच्यांवर काढलेली असल्याने कडा जागेवर बसतात. स्वस्त नकली सिलांची खालची पट्टी कॅसल रेलशी जुळत नाही आणि वाचलेले पैसे ग्राइंडिंगच्या तासांत जातात. एवढं सगळं धरल्यावर तिची किंमत चांगल्या गाडीच्या वर जात होती. ब्रिटिश मोटर हेरिटेजच्या विटनीच्या कारखान्यातून अख्खं नवं शेल आणण्याचा विचारही आला, पण नुसतं शेल, रंग आणि जुन्या गाडीचे सगळे भाग त्यात हलवण्याची मजुरी मिळून तयार गाडीपेक्षा महाग पडतं. हातात आधीच मोडलेली गाडी असेल तरच ते परवडतं.

मग अमेरिकेतून परत आलेल्या गाड्या. एमजीबीचा मोठा हिस्सा तिकडेच गेला आणि कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो, हे खरंच. पण डॅशबोर्ड आणि सीट उन्हाने फुटलेली असतात. डाव्या हाताचं स्टिअरिंग बदलायला रॅक, पेडल बॉक्स, डॅशबोर्ड सगळं लागतं. १९७५पासूनच्या अमेरिकी गाडीत एसयू कार्बुरेटरच्या जोडीऐवजी एकच स्ट्रॉमबर्ग कार्बुरेटर असतो. हा पर्याय मागे ठेवलाय, सोडलेला नाही.

ही नोंद लिहिता लिहिताच बेत बदलला, आणि त्याला कारण एक १९७३ची जीटी, म्हणजे एमजीबीचीच पक्क्या छताची आवृत्ती. जीटीला छत असल्याने शेल मुळातच ताठ, आणि भाव रोडस्टरपेक्षा कमी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: जीटीवर फटीची परीक्षा चालत नाही. सिलं पूर्ण सडली तरी छत दरवाजाची चौकट धरून ठेवतं, फट सुरेख दिसते. तिथे भरवसा फक्त कॅमेऱ्यावर. याशिवाय टेलगेटची चौकट, मागच्या चाकांच्या कमानी आणि मागच्या सीटखालचे बॅटरीचे कप्पे बघायचे. त्या काळात ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे बसायच्या आणि आम्ल थेट पत्र्यावर सांडायचं.

या जीटीचं उजवं सिल बघून फार समाधान झालं. कॅमेऱ्यात जुन्या मेणाच्या पिवळट थराखाली उभ्या पडद्याची कड अखंड, आणि कॅसल रेलच्या सांध्यावर कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल ठसे एका ओळीत, जवळजवळ समान अंतरावर. हाताने केलेल्या प्लग वेल्डमध्ये (पत्र्याला भोक पाडून ते भरलेल्या वेल्डमध्ये) अशी ओळ येत नाही. डावं सिल बदललेलं आहे, पण फाइलमध्ये विंग उतरवून, टेकू लावून काम चालू असतानाचे फोटो आहेत. असे फोटो नसलेल्या डझनभर बिलांपेक्षा ते मोलाचे.

ओव्हरड्राइव्ह एलएच प्रकारचं, गुणोत्तर ०.८२. चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमला स्विच टाकला की त्याच वेगाला काटा २,४५०च्या आसपास यायला हवा. आला, सेकंदाच्या आत. दुसऱ्या गिअरला खाली येताना किंचित खरखर आहे, सिंक्रो झिजतोय. क्लच शेवटापर्यंत नीट सुटतो, हे महत्त्वाचं, कारण क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. तारांची चाकं मात्र खडखडतात: चाक उचलून, ब्रेक दाबून धरायला लावून चाक पुढे-मागे हलवलं की मागच्या उजव्या हबवर टक असा आवाज येतो. स्प्लाइन, म्हणजे हबवरचे दात, गेलेले आहेत. हब आणि चाक जोडीनेच बदलावं लागेल, नव्या हबवर जुनं चाक चढवलं तर नवे दातही झिजतात. तेवढे पैसे भावातून वजा.

विकणारा ताजी एमओटी करून द्यायला तयार आहे. ती झाली की पुढची पायरी किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं ती खीळ): पुढचं चाक १२ आणि ६च्या जागी धरून हलवायचं, आणि ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर तो बेअरिंगचा नसून किंगपिनचा किंवा त्याच्या टोकाच्या सांध्याचा, म्हणजे ट्रनियनचा. दर ३,००० मैलांना ग्रीस दिल्याची नोंद फाइलमध्ये सापडते का तेही बघायचंय. चाकांच्या बाबतीत एक नवा विचार चाललाय. तारांची चाकं ठेवण्यापेक्षा साध्या हबवर रोस्टाइल (पोलादी पत्र्याची) चाकं लावावीत का? मूळ बोल्टवरची चाकं असलेल्या गाडीचा मागचा अख्खा ॲक्सल मिळाला तर ते सोपं पडेल, कारण तारांच्या चाकांचा ॲक्सल थोडा अरुंद असतो आणि नुसते हब बदलून भागत नाही. कुणाकडे तसा, ट्यूब प्रकारचा ॲक्सल पडून असेल तर कळवा.