आजवर किती वेळा?

गेल्या काही महिन्यांत आमच्या घरी बातम्या एकामागून एक येत राहिल्या. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन सुखरूप पार पडले आणि आठवड्याभरात त्यांनी खिडकीशी उभे राहून समोरच्या झाडाची पाने सुटी सुटी दिसू लागल्याचे सांगितले. धाकट्याची परीक्षा संपली. सर्वांत मोठी बातमी थोरल्या लेकीने फोनवर दिली: तिला दिवस गेले होते आणि आठवा आठवडा सुरू होता. हे सारे मी तिच्या संमतीनेच लिहीत आहे. त्याच फोनवर तिने विचारले, "आई, तुझ्या वेळी काही त्रास झाला होता का? डॉक्टर विचारत होत्या." मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "नाही गं, दोन्ही वेळा काहीच नाही."

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी प्रथमच प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, देण्यासाठी रक्तपेढीत गेले. रक्तदान मी गेली २२ वर्षे करत आले आहे आणि अर्जावरचे प्रश्न मला पाठ झाले आहेत: रात्री झोप झाली का, जेवण केले का, कावीळ किंवा मलेरिया झाला होता का, कोणते औषध चालू आहे का, अलीकडे दात काढला किंवा अंगावर गोंदवून घेतले का. प्लेटलेट्स देण्याची पद्धत मात्र वेगळी असते. यंत्र रक्त घेऊन त्यातील प्लेटलेट्स वेगळ्या करते आणि उरलेले रक्त पुन्हा शरीरात सोडते. त्यासाठी तास-दीड तास खुर्चीत बसून राहावे लागते. घेतलेल्या प्लेटलेट्स २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि तरीही त्या साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी दात्यांची गरज कधीच संपत नाही.

माहिती लिहून घेणाऱ्या तरुणीने विचारले, "ताई, आजवर किती वेळा गर्भ राहिला होता?"

"मला दोन मुले आहेत," मी म्हणाले.

"मुले नाही विचारत, ताई. पूर्ण झालेल्या आणि न झालेल्या, सगळ्या गर्भधारणा धरून सांगा."

तिच्या आवाजात नेहमीचे काम करणाऱ्या माणसाचा शांतपणा होता, आणि कदाचित त्यामुळेच मला खरे उत्तर देता आले. मी "तीन" म्हणाले. तिने तो आकडा लिहिला, किती महिन्यांपर्यंत ते विचारले आणि मी सांगितले की अकराव्या आठवड्यात, थोरलीच्या जन्माच्या दोन वर्षे आधी. त्या घटनेविषयी मी ३० वर्षांत कोणाशीही बोलले नव्हते. माझ्या पतींना ती अर्थातच ठाऊक होती, परंतु त्यांनी मला त्रास होईल म्हणून आणि मी त्यांना त्रास होईल म्हणून तो विषय कधीच काढला नाही.

हा प्रश्न का विचारतात, हे तेथील डॉक्टरांनी मला बसवून समजावले. गरोदरपणी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात येतात. त्या पेशींवर बाळाला वडिलांकडून मिळालेली, आईला परकी असलेली एचएलए नावाची प्रथिने असतात आणि त्यांच्याविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होऊ शकतात. आईला त्यांचा काही उपद्रव होत नाही. पण ती तिच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि प्लेटलेट्सच्या पिशवीत रक्तद्रवही जात असल्याने एखाद्या रुग्णाच्या फुप्फुसांना त्यातून गंभीर इजा होण्याचा संभव असतो. गर्भधारणा जितक्या अधिक, तितकी ही शक्यता वाढते. अकराव्या आठवड्यात थांबलेल्या गर्भामुळे ती फारशी वाढत नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

घरी येऊन मी या विषयावर बरेच वाचले. अशी प्रतिपिंडे बाळंत झालेल्या स्त्रियांच्या रक्तात आढळल्याचे १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे अवयव-प्रत्यारोपणासाठी दाता व रुग्ण जुळवण्याच्या शास्त्राला अशाच स्त्रियांच्या रक्ताची फार मदत झाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर मुलाच्या जन्मानंतर २७ वर्षांनीही त्याच्या पेशी आईच्या रक्तात सापडल्याची नोंद आहे. ते वाक्य मी अनेकदा वाचले. माझ्या बाबतीत तसे काही असेल असा दावा मी करत नाही. परंतु जे मी मोजायचे सोडून दिले होते, ते दुसऱ्या कोणाच्या तरी जिवासाठी मोजणे आवश्यक ठरावे, याचे मला फार समाधान वाटले.

अस्वस्थता होती ती लेकीला दिलेल्या उत्तराची. तिच्या डॉक्टरांसाठी विचारलेल्या प्रश्नाला मी चुकीची माहिती दिली होती, आणि ती दुरुस्त करावी तर नेमक्या दहाव्या आठवड्यात तिच्या मनात भीती घालण्याचे पाप माथी येईल, या विवंचनेत माझे दोन दिवस गेले. शेवटी मी माझ्या पतींना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सांग तिला. आपण गप्प राहिलो, तेवढे पुरे."

मी फोन केला. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी थोरली नव्हेच." मला उत्तर सुचले नाही. मग तिने अगदी डॉक्टरांना सांगण्यासाठी लिहून घ्यावे तसे बारकाईने विचारले, कितवा आठवडा होता, कारण कळले होते का, नंतर किती दिवस विश्रांती घेतलीस. तिच्या डॉक्टरांनी पुढच्या भेटीत सांगितले की, सुरुवातीच्या काळातील निम्म्याच्या आसपास गर्भपात त्या त्या गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात आणि आईचा एक जुना गर्भपात मुलीच्या काळजीत काहीही बदल करत नाही. हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर कितीतरी रात्री मी स्वतःला दोष देत जागी राहिले नसते.

रक्तपेढीत जाऊन आल्याच्या चौथ्या दिवशी तेथून निरोप आला की माझ्या रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडे आढळली नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी प्लेटलेट्स दिल्या. पतीही माझ्याबरोबर येऊन पूर्ण वेळ शेजारी बसून राहिले.

लेकीचा अकरावा आठवडा संपला त्या दिवशी तिने सकाळीच फोन केला. बाळाचे ठोके नीट आहेत, एवढेच तिने सांगितले, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ सासूबाईंच्या डोळ्यांविषयी बोलत राहिलो.