स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो

घरचं साधं जेवण करायला वेळच मिळत नाही असं आपण सगळेच म्हणतो ना, त्याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. कारण मला मनापासून वाटतं की अडतं ते वेळेपाशी नाही. वरण-भात, उसळ, भाकरी, दही, यात आपल्या हाताचं काम किती असतं ते एकदा नीट बघा, फार थोडं असतं. बाकी सगळं भिजणं, फुगणं, मोड येणं, दही लागणं, वाफेवर शिजणं, आणि ते आपण झोपलेलो असताना नाहीतर ट्रेनमध्ये असताना आपलं आपण होत असतं. फक्त कोणीतरी ते सुरू करून द्यावं लागतं आणि ते संध्याकाळी कडकडून भूक लागल्यावर आठवून काही उपयोग नाही, तेव्हा मग हात फोनकडेच जातो आणि ऑर्डर होते.

आम्ही वर्तकनगरला राहतो, मी ऐरोलीला ऑफिसला जातो, बायकोचं ऑफिस ठाण्यातच पण तिला यायला उशीर होतो, आणि आई आमच्याकडेच असते पण तिने आता ओट्यापाशी फार उभं राहू नये असं आम्हाला वाटतं. स्वयंपाक आम्ही दोघं वाटून करतो आणि रात्रीची तयारी माझ्याकडे आहे. म्हणजे काय, तर जेवणं झाली, ओटा पुसला की झोपायच्या आधी उद्याचा विचार करायचा. कडधान्य भिजत घालायचं असेल तर घालायचं, भिजलेलं असेल तर उपसून फडक्यात बांधायचं, दुधाला विरजण लावायचं, पीठ किती उरलंय ते बघायचं. बस. हे करायला टीव्हीवरच्या एका ब्रेकपेक्षा जास्त वेळ लागत नाही, पण हे केलं की दुसऱ्या दिवशीचं अर्धं जेवण झालेलं असतं.

आता उदाहरण म्हणून वालाचं बिरडं घेतो कारण ते ‘फार वेळखाऊ’ म्हणून बदनाम आहे आणि माझ्या मते ते ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी एकदम सोयीचं आहे. कडवे वाल रात्री भरपूर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी निघायच्या आधी पाणी काढून टाकून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून भांड्यात झाकून ठेवायचे. संध्याकाळी घरी आलात की उन्हाळ्यात टोकं फुटलेली दिसतात, थंडीत दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. मग कोमट पाण्यात टाकायचे, सालं सैल होतात, आणि दोन बोटांत धरून दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर येते. हे सोलायचं काम आई खुर्चीत बसून करते, मी शेजारी, गप्पा चाललेल्या असतात, कधी संपतं कळतही नाही.

शिजवताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, फोडणीत (तेल, मोहरी, हिंग, हळद, भरपूर ठेचलेला लसूण) डाळिंब्या परतल्या की वरून गरम पाणीच घालायचं, आणि कढईवर ताटली ठेवून त्या ताटलीतही पाणी ठेवायचं, म्हणजे आतली वाफ खालीच पडते आणि डाळिंब्या कोरड्या पडत नाहीत, शिवाय वाफ गेली असं वाटलं तर ताटलीतलं तेच पाणी आत ओतता येतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, आमसूल आणि गूळ अगदी शेवटी, डाळिंबी बोटाने दबायला लागल्यावरच. आंबटपणामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही, तेच कशाला बटाटासुद्धा चिंचेच्या पाण्यात लवकर शिजत नाही बघा. आमसूल आधी घातलं तर तासभर शिजवा, दाताखाली कचकच राहतेच. आणि डाव जपून फिरवायचा, नाहीतर डाळिंब्या मोडतात आणि पिठूळ रस्सा होतो. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. याच्याबरोबर गरम भात असला की आमच्याकडे कोणालाही दुसरं काही नको असतं.

आता थोडं शास्त्राचं, कारण ‘प्रोसेस्ड फूड खाऊ नका’ असं मोघम बोललं की लोक म्हणतात की पीठ दळणं पण प्रोसेसिंगच की. बरोबर आहे त्यांचं. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास नोवा नावाची एक वर्गवारी मांडली, त्यात अन्नाचे चार गट आहेत. पहिल्या गटात जे जसं आहे तसं किंवा फक्त दळून, सुकवून, मोडून, पाश्चराइझ करून, विरजून आलेलं, म्हणजे आपली धान्यं, डाळी, पिठं, दूध, साधं दही. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ असल्या गोष्टी, ज्या नुसत्या खात नाही, स्वयंपाकात वापरतो. तिसऱ्यात या दोघांच्या मिश्रणातून झालेले लोणच्यासारखे पदार्थ. आणि चौथा गट तो अल्ट्रा-प्रोसेस्ड, ज्यात धान्यातून वेगळे काढलेले स्टार्च, प्रोटीन, सिरप, रंग, फ्लेवर, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ) असं सगळं कारखान्यात जुळवून पाकिटात भरलेलं असतं, जे आपल्या किचनमध्ये आपण मनात आणलं तरी करू शकत नाही. भांडण आहे ते या चौथ्याशी. गिरणीशी कोणाचं काही भांडण नाही.

आणि हे नुसतं मत नाहीये. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या टीमने २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, २० माणसांना तिथेच राहायला ठेवून दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं कमी प्रोसेस केलेलं जेवण दिलं, दोन्हीकडे साखर, मीठ, फॅट, फायबर शक्य तितकं सारखं ठेवलं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद जेवणाच्या वेळी माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि वजन सरासरी जवळजवळ एक किलोने वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. पाकीटबंद जेवणाच्या वेळी जेवायचा वेगही जास्त होता त्यांचा. मला हा वेगाचा मुद्दा फार पटतो, कारण ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ तुम्ही भराभर खाऊच शकत नाही, चावावीच लागते. आपल्याकडेही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात अल्ट्रा-प्रोसेस्ड पदार्थ कमी करा आणि पाकिटावरचं लेबल वाचा असं स्पष्ट म्हटलंय.

लेबल वाचायचं म्हणजे समोरचं नाही, समोर ‘घरगुती चव’ लिहिलेलं असतं, मागचं बारीक अक्षरातलं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, म्हणजे जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त आहे. आलं-लसूण पेस्टचं कुठलंही पाकीट घ्या आणि वाचा. आलं-लसणाबरोबर पाणी, मीठ, आम्ल, प्रिझर्वेटिव्ह असं काय काय असतं. घरी रविवारी वाटीभर लसूण सोलून आल्याबरोबर थोडं मीठ घालून वाटून ठेवलं तर आठवडा निघतो फ्रीजमध्ये, आणि वास बघा दोन्हीचा, पाकिटातल्याला तो वासच नसतो. मी काही लेबल बघून घाबरणाऱ्यांतला नाही, लेबलवरचं आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच, ते लिंबातही असतं. पण जे दहा मिनिटांत आपल्याकडे होतं ते सहा महिने टिकणारं का घ्यायचं, एवढंच माझं म्हणणं आहे.

भाकरीबद्दल लिहायलाच हवं, कारण भाकरी जमत नाही म्हणून कित्येक लोक ज्वारीच सोडून देतात. नव्वद टक्के वेळा दोष हाताचा नसतो, पिठाचा असतो! ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे गव्हासारखी ती ताणली जात नाही, जे काही चिकटून राहतं ते गरम पाण्याने स्टार्च फुगतो त्याच्या जोरावर. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, जाते आणि थापताना कडा चिरतात. म्हणून आमच्याकडे ज्वारी एका वेळी दोन किलोच्या वर दळत नाही. बाजरीला तर त्याहून जपावं लागतं, तिच्यात तेल जास्त, पीठ थोड्या दिवसांत कडवट लागायला लागतं. दुकानातलं कधी दळलंय कोण जाणे असं पीठ आणायचं आणि मग आपल्याला जमत नाही म्हणायचं हे बरोबर नाही. गिरणीवाल्या काकांना सांगायचं की गव्हाच्या मागून टाकू नका, आधी ज्वारीचं दळण असेल त्यावर आमचं टाका, ते ऐकतात. पीठ घरी आणल्यावर डब्याचं झाकण लगेच लावायचं नाही, गरम असतं, गार होऊ द्यायचं.

करताना उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ, त्यातच पीठ, झाकून पाच मिनिटं, आणि मग परातीत तळहाताने रगडायचं, अगदी तळव्याच्या मुळाने पुढे ढकलत, जोपर्यंत गोळा कडेला फाटायचा थांबत नाही तोपर्यंत. थापली, तव्यावर टाकली की वरच्या बाजूने पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की लगेच उलटायची, पूर्ण सुकू द्यायचं नाही. दुसरी बाजू नीट भाजली की मग पहिली बाजू थेट आचेवर. टम्म फुगते. फुगल्यावर आतली वाफ हाताला लागते, तेवढं सांभाळा.

भाजीसाठी आम्ही शनिवारी सकाळी जांभळी नाक्याला जातो. गर्दी असते, पार्किंग नसतंच, तरी जातो, कारण तिथे मंडईच्या बाहेर येऊरच्या, शहापूर-मुरबाडकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात आणि त्यांच्याकडे जे असतं ते कुठल्याच अ‍ॅपवर नसतं. पावसाच्या तोंडाशी शेवळं येतात, मग टाकळा, कुरडू, कंटोळी, भारंगी. शेवळं घेतली की मावशी स्वतःहून सांगतात, “दादा, काकडं न्यायला इसरू नका, नायतर घसा धरंल.” शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात त्याने घशाला खाज येते, म्हणून काकडाची आंबट फळं किंवा चिंच त्यात घालतात. त्या मावशींशी घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, पहाटे उठून जंगलातून आणलेली भाजी आहे ती.

तांदूळ आम्ही वाडा कोलम घेतो. वाडा म्हणजे आता पालघर जिल्हा, २०१४ पर्यंत आपल्या ठाण्यातच होता, आणि २०२१ मध्ये या तांदळाला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळालाय. त्या नावाने दुकानात वाट्टेल ते विकलं जातं, म्हणून खात्रीच्या माणसाकडूनच घ्या. नवा तांदूळ असेल तर पाणी कमी, जुना असेल तर जास्त, कुकरचं माप डोळे झाकून पाळू नका.

दह्याचं थोडक्यात सांगतो. दूध चांगलं उकळून घ्यायचं, नुसतं गरम करून नाही, उकळल्याने दही घट्ट लागतं. मग करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतपत कोमट होऊ द्यायचं, चमचाभर विरजण, आणि हलवायचं नाही. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात ते चार-पाच तासांत लागतं, रात्रभर बाहेर राहिलं तर आंबटढाण, म्हणून मे मध्ये मी सकाळी विरजण लावतो आणि आई दुपारी फ्रीजमध्ये ठेवते. डिसेंबरात भांडं डब्यात किंवा कुकरमध्ये बंद करून ठेवायचं.

सगळं घरीच करा असं मात्र मी कोणाला सांगणार नाही. पोहे, कुरमुरे, शेवया, पापड हे आम्ही विकतच आणतो, पापड आईच्या ओळखीच्या एका बाई करून देतात, त्यात उडीद, मिरी, हिंग, पापडखार आणि मीठ, बाकी काही नाही. वर्षाचा मसाला एप्रिलमध्ये मिरच्या गच्चीवर वाळवून मसाला कांडपवाल्याकडून कुटून आणतो. आणि पाव घरी करायच्या भानगडीत मी पडत नाही, आमच्या जवळच्या बेकरीत संध्याकाळी लादी निघते ती गरम आणतो. पिशवीतला ब्रेड आठवडाभर मऊ राहतो, हा दुसऱ्या दिवशी सकाळी कडक होतो, आणि तो तसा होतो म्हणूनच मी तो घेतो. उरलेल्याचा सकाळी चुरा करून थोडं ताक शिंपडायचं, मोहरी, हिरवी मिरची, कढीलिंब, कांदा अशी फोडणी करायची आणि झाकण ठेवून एक वाफ आणायची, डब्यालाही चालतो.